जोडलंय, पण येत नाही

आसनगाव हे आधी स्टेशन आहे आणि मग गाव. कल्याणहून निघालं की शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली, वासिंद आणि मग आम्ही. इथे उतरून माणसं शहापूरला जातात, माहुलीच्या किल्ल्यावर जातात, मानस मंदिरात जातात. खास आसनगावला म्हणून फक्त आसनगावकर उतरतात, तेही डब्यात जागा होऊन दार सापडलं तर.

१८६१ साली रूळ कसाऱ्यापर्यंत पोचले, निदान तेव्हापासून तरी आम्ही जोडलेले आहोत. नाशिक, भुसावळकडे जाणाऱ्या बड्या गाड्या आमच्या फलाटाला अगदी लागून जातात. थांबत नाहीत, पण जातात. तानसा आणि भातसा ही धरणं आमच्याच तालुक्यात. त्यांचं पाणी माणूस उभा चालेल एवढ्या जाड नळांतून मुंबईला जातं आणि उन्हाळा लागला की त्याच नळांना समांतर टँकर पाड्यांकडे निघतात. उच्च दाबाच्या तारा आमच्या शेतांवरून गेल्या आहेत, मुंबई-नाशिक महामार्ग दारातून गेला आहे, आणि जून २०२५मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून नागपूरची माणसंही आम्हाला न बघता जाऊ लागली आहेत. थोडक्यात, कनेक्शन म्हणजे काय हे शहापूर तालुक्याला कोणी शिकवायला नको. आमच्याइतकी जोडलेली माणसं महाराष्ट्रात विरळा.

एवढी प्रस्तावना प्रोजेक्टरसाठी केली. कारण प्रोजेक्टरला नेटवर्कला जोडणं म्हणजे काय, हे ज्यानं आसनगावात आयुष्य काढलंय त्यालाच नीट कळेल.

भिंतीवर चित्र पाडण्याचा धंदा आमच्या भागाला मुळीच नवा नाही. आसनगावच्या सहा स्टेशनं अलीकडे, कल्याणला, महादेव गोपाळ पटवर्धन नावाचे गृहस्थ १८९०च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ या नावानं कंदिलाचे खेळ करत. काचेवर रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग आणि शेजारी उभं राहून बोलणारा माणूस. काचा अशा हाताळायच्या की पडद्यावरची पात्रं हलल्यासारखी दिसत. भारतात सिनेमा यायच्या आधीची ही गोष्ट. मला या खेळातली सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. दिवा लावला की चित्र दिसत असे. मध्ये कोणी ‘उपकरण शोधत आहे, कृपया थांबा’ असं म्हणत नसे.

आणि अलीकडचं सांगायचं तर आमच्याच तालुक्यातलं पाष्टेपाडा. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत संदीप गुंड या शिक्षकांनी गावाला सोबत घेऊन डिजिटल वर्ग उभा केला. राज्यातली पहिली डिजिटल शाळा म्हणून तिचं नाव घेतलं जातं. ज्या पाड्याचा रस्ता तालुक्यातल्या लोकांना विचारत विचारत जावं लागायचं, त्याची शाळा बघायला बाहेरच्या जिल्ह्यांतले गुरुजी यायला लागले. पुढे २२ जून २०१५ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय आला आणि डिजिटल शाळांची लाटच आली. लोकवर्गणी निघाली, बोर्ड लागले, आणि आमच्या भागात स्लॅबला प्रोजेक्टर टांगलेला दिसणं ही पंख्याइतकी साधी गोष्ट झाली. शाळांचं बघून ग्रामपंचायतींनीही घेतले. शाळेतला प्रोजेक्टर रोज लागतो, कारण मुलं सोडत नाहीत. ग्रामपंचायतीतला प्रोजेक्टर प्लास्टिकच्या पिशवीत असतो, आणि या लेखाचा नायक हा दुसरा आहे.

गावाचं नाव सांगत नाही. आसनगावहून टमटमनं जायचं, एवढं पुरे. तिथे आमची सोयरीक आहे आणि मला पुन्हा तिथे जेवायला जायचं आहे.

प्रसंग १ मेच्या ग्रामसभेचा, साल २०२५. विषयपत्रिकेवर पहिला विषय नळपाणी योजनेचा. घरोघरी नळ द्यायची केंद्राची योजना २०१९ साली जाहीर झाली, ती टप्प्याटप्प्यानं या गावापर्यंत आली होती. पाणीपुरवठ्याचे साहेब शहापुरातून जातीनं आले होते. कामाचं सादरीकरण त्यांच्या मोबाइलमध्ये होतं आणि ते भिंतीवर दाखवायचं होतं. ग्रामसभेला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातली जी कमी असेल ती गणसंख्या लागते. एरवी ती भरता भरत नाही आणि सभा तहकूब होते. त्या दिवशी ती सहज भरली. प्रोजेक्टर लागतो की नाही हे बघायला लोक आले होते, आणि लागणार नाही अशी खात्री असलेले जास्त आले होते.

सुरुवात वायरीपासून झाली. प्रोजेक्टरला मोबाइल जोडायचा तर एक वायर आणि तिचं टोपण असं मिळून काम भागतं. टोपण साहेबांकडे होतं. वायर ग्रामपंचायतीकडे होती, म्हणजे जडवस्तू नोंदवहीत होती. कपाटात नव्हती. सरपंचताईंनी ग्रामसेवकांकडे बघितलं. हुद्द्याचं नवं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गाव त्यांना भाऊसाहेबच म्हणतं. भाऊसाहेबांनी शिपायाकडे बघितलं. शिपायानं प्रोजेक्टरकडे बघितलं. तिथे बघण्याची साखळी संपली.

“वायरलेस आहे ना तो,” मागून कोणीतरी म्हणालं. “बिलात लिहिलंय.”

मग ‘कळणाऱ्या’ला बोलावणं गेलं.

प्रत्येक गावात एक कळणारा असतो. ‘त्याला कळतं’ एवढीच त्याची ओळख. नेमकं काय कळतं हे विचारायची पद्धत नाही. बहुधा तो डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात असतो आणि बराच काळ तिथेच असतो. मोटार जळली, सातबारा ऑनलाइन दिसेना, मावशीच्या फोनमध्ये आवाज येईना, की त्याला झोपेतून उठवतात. तो आला, त्यानं मान वर करून प्रोजेक्टरकडे बघितलं आणि हात पुढे केला. शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टर मागतात तसा त्यानं रिमोट मागितला.

रिमोट मिळाला, सेल नव्हते. ते भिंतीवरच्या घड्याळात सापडले. काढल्यावर घड्याळ दहा वाजून वीस मिनिटांवर थांबलं, आणि पुढे जे काही घडलं ते सगळं सरकारी हिशेबानं दहा वाजून वीस मिनिटांनीच घडलं.

प्रोजेक्टर लागला. टाळ्या पडल्या. भिंतीवर निळा चौकोन आला आणि त्यात मेनू. मेनूची भाषा कोणीतरी चिनी करून ठेवली होती. साहेब दचकले, सरपंचताई दचकल्या, पण कळणारा दचकला नाही. त्यानं खाली तीन, उजवीकडे एक, पुन्हा खाली दोन असं न वाचता दाबलं आणि भाषा सरळ झाली. एवढा सराव कुठून आला, हा प्रश्न तेव्हा कोणालाच पडला नाही.

आता ‘नेटवर्क’ हा शब्द भिंतीवर दिसत होता. त्याच्या आत वायरलेस बंद होतं, ते चालू केलं, आणि प्रोजेक्टर आसपासची जाळी शोधू लागला.

पंचायतीचं स्वतःचं जाळं आहे. गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना केंद्रानं २०११ साली ठरवली, तिचं पुढे भारतनेट झालं. त्यातली एक पेटी या गावाच्याही कपाटात आहे. तिच्यावरचा हिरवा दिवा अधूनमधून लाल होतो. तेव्हा तो कायमचा लाल होता. कारण विचारलं तर कळलं की नळाच्या पाइपलाइनसाठी चर खणताना जेसीबीनं फायबर तोडली. म्हणजे जी योजना भिंतीवर दाखवायची होती, तिनंच ती दाखवायची सोय आधी उखडून ठेवली होती. साहेबांनी यावर “दोन वेगळे विभाग आहेत” एवढंच सांगितलं. ते खरंच आहे. जेसीबी मात्र एकच होता.

मुरबाड तालुक्यातलं धसई डिसेंबर २०१६मध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं, तेव्हापासून आमच्याकडच्या दुकानदारांनाही एक गोष्ट पाठ आहे. मशीन आधी नेटवर्क मागतं आणि मग कार्ड. गिऱ्हाईक सगळ्यात शेवटी. प्रोजेक्टरचा क्रमही तोच.

तर पंचायतीचं जाळं आडवं पडलेलं, त्यामुळे कोणाचा तरी हॉटस्पॉट घेणं आलं. प्रोजेक्टरनं शोध संपवून यादी भिंतीवर टाकली. सहा फूट रुंद. सभागृहात बसलेल्या यच्चयावत तरुणांच्या फोनची नावं सगळ्या गावानं एकदम वाचली. ‘पाटलांचा वाडा’, ‘पासवर्ड मागू नये’, ‘मागितला तरी देणार नाही’ इथपर्यंत ठीक होतं. पाचव्या ओळीवर ‘एस फॉरएव्हर’ होतं. गावात ‘एस’वरून नाव सुरू होणाऱ्या मुली दोन, आणि दोघींचे वडील सभेला हजर. सभागृहात तीन-चार मिनिटं कोणीही कोणाकडे बघत नव्हतं. मग ती ओळ अचानक यादीतून गेली.

यादीत काही नावांच्या जागी नुसते चौकोन होते. गुरुजींनी, म्हणजे गावच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेल्या आणि त्यानंतर सगळ्या गावाचे हेडमास्तर झालेल्या गुरुजींनी, हे काय म्हणून विचारलं. कळणारा म्हणाला, ती मराठी नावं आहेत, प्रोजेक्टरला मराठी वाचता येत नाही. गुरुजी दुखावले. पण यात आणखी एक गोम आहे, ती इथे सांगून टाकतो. जाळ्याच्या नावाला फक्त बत्तीस बाइटची जागा ठेवलेली असते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीतल्या प्रत्येक अक्षरखुणेला तीन. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, सगळ्यांचे वेगळे तीन-तीन. ‘जय भवानी’ बावीस बाइटमध्ये बसतं. ‘जय शिवराय मित्र मंडळ’ चोपन्नवर जातं, म्हणजे ‘जय शिवराय’ पंचवीसमध्ये बसतं, पण ‘मित्र’च्या ‘मि’वरच बत्तीस संपतात आणि बाकीचं मंडळ बाहेर राहतं. आमच्याकडच्या मंडळांची नावं बघता हा तांत्रिक अन्याय आहे आणि त्यावर अजून एकही मोर्चा निघालेला नाही, याचं कारण लोकांना माहीत नाही एवढंच.

साहेबांचा स्वतःचा फोन भारीतला होता. त्याचा हॉटस्पॉट यादीत दिसेना. साहेबांनी फोन हलवला, उंच धरला, खिडकीत नेला. खरं कारण असं की भारी फोन पाच गिगाहर्ट्झवर बोलतात आणि जुन्यातल्या प्रोजेक्टरचे कान दोन पूर्णांक चारवरच असतात. दोघं एकाच खोलीत आहेत, दोघंही जोरात बोलतायत आणि एकमेकांना ऐकू येत नाही. ग्रामसभेला ही परिस्थिती नवीन नसल्यानं कोणी फार मनावर घेतलं नाही.

शेवटी कळणाऱ्यानं आपलाच जुना फोन काढला. त्याचं नाव दिसलं. पासवर्ड विचारला गेला.

आता रिमोटनं पासवर्ड घालणं ही काय चीज आहे ते ज्यानं केलंय त्यालाच विचारा. भिंतीवर अक्षरांचं पाटावरवंट्याएवढं कोष्टक येतं आणि रिमोटच्या बाणांनी एकेका अक्षरापर्यंत चालत जावं लागतं. मोठी लिपी वेगळ्या पानावर, आकडे वेगळ्या पानावर, आणि ते ‘ॲट’चं चिन्ह असं दडून बसलेलं की ते सापडेपर्यंत आधीची तीन अक्षरं विसरायला होतात. कळणाऱ्यानं पासवर्ड तोंडानं सांगायला ठाम नकार दिला. खाजगी बाब आहे, म्हणाला. पण बाण ज्या अक्षरावर थांबेल ते अक्षर पिवळं होत होतं, आणि भिंत सहा फूट रुंद होती.

पहिल्या रांगेतल्या पोरांनी अक्षरं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या रांगेनं लिहून घेतली. चौदावं अक्षर पडलं आणि प्रोजेक्टर जोडला जाण्याआधी गावातले तीस-चाळीस फोन त्या हॉटस्पॉटला जोडले गेले, किंवा जोडायला धडपडू लागले. दहापेक्षा जास्त जणांना तो फोन आत घेतच नव्हता. त्या दहांमध्ये प्रोजेक्टर नव्हता.

मग भिंतीवर एक आकडा आला. १६९.२५४ अशी सुरुवात, पुढे आणखी दोन आकडे.

“हा कुठला नंबर?” गावातले वडीलधारे नाना म्हणाले.

हा आयपी पत्ता. जाळ्यात शिरणाऱ्या प्रत्येक उपकरणाला पत्ता लागतो आणि तो वाटायचं काम हॉटस्पॉटनं करायचं असतं. पण १६९.२५४ दिसला की समजावं, वाटणाऱ्यानं विचारलेलंच नाही. लग्नात कोणी ‘या, बसा’ म्हणालं नाही की काही पाहुणे आपणच कोपऱ्यात पान ओढून बसतात, तसा तो पत्ता उपकरणानं स्वतःच स्वतःला घेतलेला असतो. वाढपी त्या बाजूला फिरकत नाही. पाहुणा मात्र जेवायला बसल्याच्या ऐटीत असतो.

कळणाऱ्यानं दमदाटी करून पोरांचे फोन सोडवले आणि प्रोजेक्टरला पुन्हा पंगतीत घातलं. या वेळी पत्ता नीट आला. १९२.१६८.४३.१०८. हा खरा. १९२.१६८ची सगळी आळी घरच्या घरी वापरायला राखून ठेवायचं १९९६ सालीच ठरलंय. त्यामुळे जगात कोट्यवधी घरांत आणि कचेऱ्यांत हाच पत्ता एकाच वेळी नांदतो आणि कोणाचं टपाल चुकत नाही, कारण तो उंबऱ्याच्या बाहेर जातच नाही. गुरुजींनी हे ऐकून समाधानानं मान हलवली. भाऊसाहेब मात्र जरा काळजीत पडले. पंचायतीच्या सभागृहाला आणखी एक पत्ता निघाला म्हटल्यावर त्याची नमुना आठला नोंद घ्यावी लागेल का, आणि घरपट्टीची आकारणी कशी करायची, असं त्यांनी साहेबांना हळूच विचारलं. साहेब म्हणाले, तो विभाग वेगळा आहे.

भिंतीवर इंग्रजीत आलं: कनेक्टेड. टाळ्या पडल्या. साहेबांनी आपला फोन त्याच हॉटस्पॉटला लावला, भिंतीवर साहेबांच्या फोनचा पडदा उमटला. मागे साहेबांच्या नातवाचा फोटो, त्याचंही कौतुक झालं. साहेबांनी व्हॉट्सॲप उघडलं आणि कार्यालयातून आलेल्या सादरीकरणावर बोट ठेवलं. एक गोल फिरायला लागला.

फाइल आलेली होती, पण साहेबांनी ती उतरवून घेतलेली नव्हती. आलीय हे बघितलं होतं. उतरवायची तर इंटरनेट हवं, आणि कळणाऱ्याचा दिवसाचा दीड जीबीचा पॅक मघाच्या दहा जणांनी दहा मिनिटांत संपवलेला. भिंतीवर एक धूसर हिरवट चित्र आणि मधोमध फिरणारा गोल. नळाचं चित्र असावं. कोणी म्हणालं धरण आहे.

वेळ काढायला साहेब बोलू लागले. तोंडी सांगतो म्हणाले. “तुमच्या गावात घरगुती नळजोडणी शंभर टक्के पूर्ण झालेली आहे.”

स्टुलावर चढलेल्या कळणाऱ्याचं सभेकडे लक्षच नव्हतं. तो फोनमध्ये बघत वैतागून म्हणाला, “जोडलंय, पण येत नाही.”

“आमचं पण तेच,” बायकांच्या रांगेतून आवाज आला.

त्यानंतर जे हसू फुटलं ते सरपंचताईंनाही आवरेना. त्याही त्याच गावात राहणाऱ्या. त्यांच्याही अंगणात निळा पाइप जमिनीतून वर येऊन तोटीसकट उभा आहे. वासरू बांधायला चांगला उपयोग होतो.

साहेब शांत माणूस. त्यांनी सांगितलं की जोडणी ही एक बाब आहे आणि पुरवठा ही दुसरी. अहवालात दोघांचे रकाने वेगळे आहेत. जोडणीच्या रकान्यात त्यांचं काम पूर्ण आहे. हे ऐकताना मला आमचा फलाट आठवला, आणि त्यावरून ऐंशीच्या वेगानं गेलेली प्रत्येक गाडी.

इकडे कळणाऱ्यानं शेवटचा उपाय काढला. प्रोजेक्टरची तब्येत बघू म्हणाला. यंत्राचा आयपी पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की त्या यंत्राचं स्वतःचं पान उघडतं आणि ते आपली सद्यस्थिती सांगतं. याला इंटरनेट लागत नाही, घरातल्या घरात काम होतं. साहेबांच्याच फोनवर त्यानं आकडा टाकला.

मला हे पान मनापासून आवडतं. अशीच चौकशी करता यावी म्हणून जपानमधल्या यंत्र-उत्पादकांच्या संघटनेनं प्रोजेक्टरांसाठी पीजेलिंक नावाची एक सामाईक भाषा ठरवली आहे. ती भाषा येणारा कुठल्याही कंपनीचा प्रोजेक्टर असो, ४३५२ क्रमांकाच्या दारावर टकटक करून विचारायचं, तो उत्तर देतो. चालू आहेस का, विचारलं की शून्य म्हणजे बंद, एक म्हणजे चालू, दोन म्हणजे थंड होतोय, तीन म्हणजे तापतोय. आमच्या ग्रामसभेच्याही याच चार अवस्था आहेत, फक्त ती एकवर फार वेळ टिकत नाही. दुखतंय का काही, असं विचारलं तर तो सहा आकडे देतो: पंखा, दिवा, तापमान, झाकण, फिल्टर आणि इतर. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन. शून्य म्हणजे ठीक, एक म्हणजे लक्ष द्या, दोन म्हणजे बिघाड. आमच्याकडे कोणालाही ‘काय, कसं काय?’ विचारा. ‘चाललंय’ याखेरीज उत्तर नाही. पंखा बंद आणि झाकण उघडं असलं तरी चाललंय. सहा आकड्यांत खरं सांगणारा त्या सभागृहात तो एकटाच होता.

पान उघडलं. भिंतीवर ओळी आल्या. पॉवर चालू. तापमान ठीक. फिल्टरला ‘एक’ होता. त्यात गांधीलमाशीचं मातीचं घर निघालं, ते वेगळं. आणि त्याखाली एक ओळ: दिवा जळल्याचे तास, ८८७.

ही ओळ प्रोजेक्टर आपणहून मोजत असतो. दिवा बदलायची वेळ कळावी म्हणून. रिमोटनं बंद केलं, प्लग काढला, पिशवीत घातलं, तरी ती पुसली जात नाही.

भाऊसाहेबांनी नोंदवही उघडली. प्रोजेक्टर आल्यापासून त्याचा वापर: ग्रामसभा तीन, प्रशिक्षण एक. एकूण सात तास.

सभागृहात बराच वेळ पंख्याचाच आवाज होता, प्रोजेक्टरच्या. मग गुरुजी उठले. त्यांनी फळ्याजवळ जाऊन खडू घेतला. गुरुजींनी चाळीस वर्षं गणित शिकवलंय आणि उत्तर आधी माहीत असलेलं उदाहरण त्यांना फार आवडतं.

“२०२३चा विश्वचषक,” ते म्हणाले. “सामने किती?”

“अठ्ठेचाळीस,” पहिल्या रांगेतून चार आवाज आले आणि लगेच गप्प झाले.

“एक सामना आठ तास. अठ्ठेचाळीस आठे तीनशे चौऱ्याऐंशी. मागच्या वर्षीची आयपीएल?”

कोणी बोलेना. “चौऱ्याहत्तर,” गुरुजी स्वतःच म्हणाले. “चार तासांनी दोनशे शहाण्णव. यंदाचे आजवर पन्नास धरू, दोनशे. बेरीज करा.”

आठशे ऐंशी. गुरुजींनी ८८७खाली ८८० लिहिले, रेघ मारली आणि खाली सात काढले. त्या सातांना गोल केला. “आणि हे ग्रामविकासाचे.”

उत्तर इतकं चोख आलं की कोणाला राग यायच्या आधी कौतुक वाटलं. चिनी मेनूचा सराव, गायब वायर, सगळ्याचा उलगडा एकदम झाला. सरपंचताईंनी आपल्या पुतण्याकडे बघितलं. पुतण्या छताकडे बघत होता. कळणारा स्टुलावरून उतरला आणि रिमोट जमिनीवर ठेवून दाराजवळ जाऊन उभा राहिला. गंमत म्हणजे गुरुजींचे आकडे तो मनातल्या मनात तपासत असावा, कारण पावसानं धुतले गेलेले सामने धरले का, असं त्यानं नकळत विचारलंच.

गोंधळ शमल्यावर एका आजींनी हात वर केला. त्यांना एवढंच हवं होतं की असं पान नळाला लावता येईल का. नळ कधी जोडला, किती तास पाणी आलं, नळानं स्वतः सांगायचं. साहेबांचं नाही, भाऊसाहेबांचं नाही, नळाचं. साहेबांनी सांगितलं की तशी यंत्रं असतात, पाण्याचं मीटर असतं, प्रवाह मोजणारी उपकरणं असतात, त्यांना नेटवर्क मात्र लागतं.

“मग राहू द्या,” आजी म्हणाल्या. “हंडाच बरा.”

इतिवृत्त मी नंतर सोयऱ्यांकडे वाचलं. भाऊसाहेबांचं मराठी अशा वेळी फुलतं. ‘विषय क्र. १: नळपाणी योजनेचे सादरीकरण तांत्रिक कारणास्तव होऊ शकले नाही, तथापि जोडणीबाबत सभेने समाधान व्यक्त केले. आयत्या वेळचा विषय: प्रोजेक्टरच्या सद्यस्थितीची माहिती घेतली असता दिव्याचा वापर ८८७ तास आढळून आला. पैकी ८८० तासांबाबत चौकशी करणेकामी समिती गठित करणेत येत आहे.’ समितीत पाच जण. नाना अध्यक्ष, कारण ते वयानं मोठे. पुतण्या सदस्य, कारण त्याला पार्श्वभूमी माहीत होती. कळणारा तांत्रिक सदस्य. तो नसेल तर प्रोजेक्टर लावणार कोण?

यंत्र प्रत्यक्ष चालू स्थितीत तपासल्याखेरीज निष्कर्ष काढणं योग्य होणार नाही, असं समितीचं एकमत झालं. म्हणून पहिली बैठक त्याच दिवशी सायंकाळी सात वाजता सभागृहातच ठेवली. सदस्यांव्यतिरिक्त ग्रामस्थांना निरीक्षक म्हणून बसायला मुभा होती. चहा पंचायतीकडून. नानांनी सगळ्यांना दोनदा बजावलं की उशीर करू नका, टॉस सातलाच असतो.

वायर पावणेसातला आली.